घरं कुठे बसतील: बॅलार्ड इस्टेटची दगडी इमारत की नरिमन पॉइंटचा टॉवर?

कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), लोअर परळला सरकली आणि दक्षिण मुंबईतले मजले रिकामे पडले. त्यांत घरं, दुकानं, पाळणाघर आणून इमारत पाणी-विजेपुरती ‘स्वयंपूर्ण’ करायची तर आधी जमिनीचा कागद बघा. बॅलार्ड इस्टेटला भाडेपट्टा बंदराचा, नरिमन पॉइंटला राज्य सरकारचा. वापरबदलाची लेखी परवानगी मिळेपर्यंत आराखड्यावर पैसा घालू नका.

पुढचं सगळं संडासाच्या पाइपवर ठरतं. कार्यालयात स्वच्छतागृहं लिफ्टजवळ एकत्र असतात. घरागणिक मात्र न्हाणीघर, संडास, ओटा हवा. मैल्याच्या पाइपला ४० ला १ उतार धरला, तर डक्टपासून (पाइप वरखाली नेणाऱ्या उभ्या पोकळीपासून) ८ मीटरवरच्या कमोडला नुसत्या उतारासाठी २० सेंटिमीटर उंची लागते, पाइपची जाडी वेगळी. १९०८ ते १९१४ दरम्यान वसलेल्या बॅलार्ड इस्टेटमध्ये छतं उंच, त्यामुळे फरशीची पातळी उचलून पाइप खाली लपवता येतो. उचलताना विटांच्या तुकड्यांचा भराव मात्र टाळा: २० सेंटिमीटर भराव चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास जातो, आणि घराचा हिशेबी वापरभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, २०० किलोचा. हलका सांगाडा आणि सिमेंट बोर्ड वापरा.

सत्तरच्या दशकातल्या टॉवरमध्ये एवढी उंची सहसा नसते. पाइप खालच्या घराच्या छतातून न्यावा लागतो. गळती सुरू झाली की भांडणही सुरू. तिथे नवे उभे डक्टच करावेत, पण आधी स्कॅनरने स्लॅबमधल्या सळ्या शोधून, तुळईला हात न लावता. समुद्राच्या खाऱ्या हवेने सळ्या गंजलेल्या असू शकतात, म्हणून काँक्रीटचे कोअर (गोल कापलेले नमुने) काढून तपासल्याशिवाय व्यवहार करू नये.

उजेड खिडकीपासून सहा-सात मीटरच पोचतो. टॉवरच्या पोटातल्या अंधाऱ्या जागेत गोदाम, दवाखाना, छोटी कार्यालयं ठेवा. बंद काचा उघडत्या करण्याचा खर्च वेगळा. दगडी इमारतीत खिडक्या मुळातच उघडतात, फक्त वारसा नियमांमुळे एसी आणि गॅसच्या नळ्या मागच्या बाजूलाच. निव्वळ घरांसाठी आम्ही हीच निवडू. टॉवरचे खालचे मजले कार्यालयांनाच बरे.

‘स्वयंपूर्ण’ या शब्दाचा हिशेब टॉवरमध्ये फार तोकडा पडतो. शंभर घरं, घरात चौघं, माणशी १३५ लिटर: रोज ५४,००० लिटर पाणी. कार्यालयाला माणशी ४५ लिटरच धरतात, म्हणून जुनी टाकी आणि पंप अपुरे ठरतात. ५०० चौरस मीटर गच्चीवर दोन मीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तर वर्षाला आठ लाख लिटर, म्हणजे पंधरा दिवसांची सोय. निम्म्या गच्चीवर २५ किलोवॉट सौर पॅनेल बसतात. रोजच्या शंभरेक युनिटांवर पंप आणि जिन्यातले दिवे चालतील, घरं नाहीत. अंघोळीचं पाणी गाळून फ्लशला वापरायचं असेल तर दुसरी पाइपलाइन डक्ट बंद करण्याआधीच टाका.