जो स्क्रू गाडीत नव्हताच, त्याचे ९,००० रुपये

माझ्याकडं डबल केबिनची ऑटोमॅटिक पिकअप आहे. आमच्या गेवराई भागात पिकअप म्हणलं की क्लचवाली बोलेरोच. माझी गाडी बाजारात उभी राहिली की कुणीतरी आत डोकावून "क्लच कुठंय?" विचारतंच. हौस म्हणून घेतली नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना, आणि मोसंबीचे कॅरेट जालन्याला न्यायला कायमचा ड्रायव्हर परवडेना. म्हणून पुण्याहून ही जुनी गाडी आणली.

गेल्या उन्हाळ्यात गाडी १ लाख १० हजार किलोमीटरला आली आणि रिव्हर्स टाकला की धाडकन झटका बसायला लागला. गिअरबॉक्सचं ऑइल आधीच्या मालकानं कधी बदललेलंच नव्हतं. विकताना तो म्हणाला होता, "हे लाइफटाइम ऑइल आहे, हात लावायचा नाही." गाडीत २५-३० कॅरेट, वर ४३ डिग्रीचं ऊन आणि मांजरसुंब्याचा घाट, असं वापरल्यावर कुठलं ऑइल आयुष्यभर टिकणार? पण तेव्हा माझाही त्यावर विश्वास होता.

मग रात्री झोप येईना म्हणून यूट्यूब बघायला लागलो, आणि फसायची सुरुवात तिथूनच झाली. अमेरिकेतली माणसं आपल्या जुन्या फोर्ड पिकअपखाली अंगणातच झोपून गिअरबॉक्स दुरुस्त करतात. त्यांच्या जुन्या सी-६ गिअरबॉक्समध्ये ड्रमभोवती एक पोलादी पट्टा असतो, त्याला बँड म्हणतात. त्याचा स्क्रू बाहेरून दिसतो. नट ढिला करायचा, स्क्रू ठरावीक जोरानं कसायचा, मग दीड फेरा मागं घ्यायचा आणि नट आवळायचा. पाच-सहा व्हिडिओ बघितल्यावर मला वाटलं, आपल्याला ऑटोमॅटिक कळलं.

एका पाहुण्यानं एका मिस्त्रीचा नंबर दिला. घरी येऊन ऑटोमॅटिक गाड्यांचं काम करतो, शहरातल्या वर्कशॉपपेक्षा निम्म्यात. मी फोन लावला, झटक्याचं सांगितलं आणि पुढं आपली हुशारी दाखवली, "भाऊ, बँड ॲडजस्ट करावा लागंल का?"

तिकडं दोन सेकंद आवाज नाही. मग म्हणला, "मालक, तुम्हाला तर सगळंच माहिती आहे की! तेच करायचंय."

रोगाचं नाव मीच सांगितलं. त्यानं फक्त हो म्हणून मान डोलावली.

दोन दिवसांनी तो आला. सोबत एक पोरगा, लॅपटॉपची बॅग आणि एटीएफच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलच्या, एक-एक लिटरच्या बारा सीलबंद बाटल्यांचा खोका. शेडमध्ये गाडी जॅकवर घेतली, गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उतरवला. पॅनमधल्या चुंबकांवर काळपट राखाडी लेप होता. तो बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरला. "हे पाहायलात ना? लोखंड झडायलंय. आठ दिवस उशीर केला असता तर दीड लाखाला बसले असते." पोटात गोळाच आला. नंतर कळलं, लाखभर किलोमीटर चाललेल्या गिअरबॉक्सच्या चुंबकावर मऊ लेप असतोच, चुंबक त्यासाठीच बसवलेले असतात. घाबरायचं ते बोटाला टोचणारे तुकडे किंवा चकचकीत कपच्या दिसल्या तर. माझ्याकडं तसलं काही नव्हतं.

फिल्टर काढायची वेळ आली तेव्हा म्हणला, "मालक, पॅन धुवायला लिटरभर पेट्रोल लागंल." पंप चार किलोमीटरवर. मी मोटारसायकल काढली. परत येईस्तोवर पॅन चढलेला होता. मग पेट्रोल कशाला लागलं, हे तेव्हा सुचलंच नाही, आणि आता रोज सुचतं.

पुढं तो गाडीखाली झोपला आणि दहा मिनिटं पान्याचा कटकट आवाज आला. "बँड बसला," म्हणत बाहेर आला. ऑइल भरलं, इंजिन बंद असतानाच बाजूचा लेव्हलचा बोल्ट उघडला, दोन थेंब पडले, लगेच आवळून टाकला. एका चिठ्ठीवर हिशेब लिहिला: ऑइल बारा लिटर १३,२००, फिल्टर ४,८००, पॅकिंग १,५००, बँड ॲडजस्टमेंट ९,०००, स्कॅनर ३,०००, मजुरी ५,०००. एकूण ३६,५००. पाचशे सोडले म्हणून मी वर चहा पाजला. बायको तेवढ्यात म्हणली, "पक्कं बिल घ्या." मी म्हणलं, "आपलाच माणूस आहे." पैसे मोबाइलवरून दिले. रिकाम्या बाटल्या आणि खोका त्यानं उचलून नेला, "भंगारात देतो" म्हणून.

निघालेलं ऑइल मात्र आमच्या ऑइलपेंटच्या पाच लिटरच्या डब्यात राहिलं होतं. डबा भरलेला नव्हता, जेमतेम चार लिटर. पॅन उघडल्यावर सगळं ऑइल येत नाही, निम्म्याहून जास्त टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या नळ्यांमध्ये अडकून राहतं. म्हणजे निघालं चार, तर जाणारही चारच. बाकीच्या आठ बाटल्या गेल्या कुठं? शाळेतल्या पोराला जमणारी वजाबाकी, पण मी ती केली पंधरा दिवसांनी.

चौथ्या दिवशी बीडच्या पुढं मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी भणाणली. इंजिन ओरडायलंय, काटा वर चाललाय, आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. जळका वास. बाजूला घेतली तर परत चालू होईना. गिअरची दांडी पी वर, म्हणजे पार्किंगला, असून स्टार्टर फिरेना, न्यूट्रलला नेल्यावर फिरला. मिस्त्रीला फोन लावला. पहिल्यांदा म्हणला "नवीन ऑइल आहे, सेट व्हायला वेळ लागतो." दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा नंबरच लागला नाही.

संभाजीनगरला वाळूजच्या बाजूला एका वयस्कर मेकॅनिककडं गाडी टोचन करून नेली. (टोचन हीसुद्धा चूक. मागची चाकं फिरणारी ऑटोमॅटिक गाडी दोरीनं ओढत न्यायची नसते. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद, मग आतले पार्ट कोरडे घासतात. ट्रकवर टाकून न्यायला पाहिजे होती. तेही त्यांनीच सांगितलं, रागावून.)

त्यांनी आधी स्कॅनर लावला, इंजिन चालू ठेवून ऑइल चाळीस डिग्रीच्या आसपास येऊ दिलं आणि मग लेव्हलचा बोल्ट उघडला. एक थेंब पडला नाही. दीड लिटर ओतल्यावर कुठं बारीक धार लागली. इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतं, म्हणून लेव्हल भरल्यासारखी दिसते. चालू केलं की पंप ते ओढून घेतो. मिस्त्रीनं तेच दोन थेंब मला दाखवले होते. पॅन उतरवला तर पॅकिंगच्या जागी सिलिकॉन चोपडलेलं, आणि फिल्टर जुनाच, कंपनीचा, काळा पडलेला.

मी हळूच विचारलं, "आणि बँड?"

त्यांनी चष्मा वर केला. "कसला बँड? या गिअरबॉक्सला बाहेरून ॲडजस्ट करायचा बँड नसतो. सगळं कॉम्प्युटरवर चालतं. तुमच्या माणसानं गिअरच्या दांडीची केबल तेवढी हलवून ठेवलीय, म्हणून पी ला स्टार्टर लागंना."

म्हणजे ९,००० रुपये घेऊन त्यानं चांगली केबल बिघडवली होती. फिल्टर, पॅकिंग, बरोबर ग्रेडचं ऑइल आणि पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा ऑइल, असं सगळं त्यांनी केलं. झटका गेला. घाटात तिसऱ्या-चौथ्या गिअरला थोडी थरथर मात्र राहिली. ते म्हणले, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांनी मार खाल्लाय, चालंल तितकी चालवा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं चिठ्ठी, त्यावर ना नाव ना सही. पैसे दिल्याची मोबाइलवरची नोंद तेवढी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, असं वकील म्हणाला, म्हणून कागदं जमवायलोय. तुम्ही घरी काम करून घेणार असाल तर जुना फिल्टर हातात मागा, निघालेलं ऑइल मापून ठेवा, रिकाम्या बाटल्या ठेवून घ्या आणि गाडी सोडून पेट्रोल आणायला जाऊ नका. आणि काय बिघडलंय ते त्याच्या तोंडून निघू द्या.

परवा माजलगावहून भाच्याचा फोन आला. "मामा, एक मिस्त्री आलाय घरी. गाडीचा बँड ॲडजस्ट करायचा म्हणतोय, नऊ हजार. करू का?"

"कोणती गाडी?"

"आपली बोलेरो पिकअप."

क्लचवाल्या गाडीत बँड! मी म्हणलं, "त्याला चहा पाज, बसवून ठेव. मी निघालो."