सीईटीच्या गणिताची सराव चाचणी मालिका: एका पालकाचा अभिप्राय

बारावीतल्या मुलीसाठी आम्ही यंदा घराजवळच्या एका क्लासची एमएचटी-सीईटी गणिताच्या दहा सराव चाचण्यांची मालिका लावली होती. तिला गणित येत नव्हते असे नाही. येणारी गणितेच चुकत होती, आणि 90 मिनिटांत प्रत्येकी 2 गुणांचे 50 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 108 सेकंद, अशा घाईत आपण नेमके कुठे चुकतो हे तिला उमगत नव्हते.

या मालिकेचे पैसे वसूल होतात ते चाचणीनंतरच्या तासाला. शिक्षक चुकलेल्या प्रश्नाचे नुसते उत्तर सांगत नाहीत, तर विद्यार्थ्याचा कच्च्या कामाचा कागद त्याच्यापुढे ठेवून चूक त्याच्याकडूनच शोधून घेतात. दुसऱ्या चाचणीत वर्तुळाच्या समीकरणावरून व्यास विचारला होता. मुलीने केंद्र (3, −4) आणि त्रिज्या 5 अचूक काढली, पर्यायांत 5 दिसताच त्यावर खूण केली आणि ती पुढे गेली. 10 हा पर्याय त्याच्याच खाली होता. अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्याला जे उत्तर मिळते, तेच पेपर काढणारा मुद्दाम पर्यायांत ठेवतो, हे तिला तेव्हा पटले. तेव्हापासून ती आधी ‘व्यास = ?’ असे लिहिते आणि मगच आकडेमोडीला हात घालते. कच्च्या कागदाचे चार रकाने पाडून प्रत्येकात प्रश्नक्रमांक टाकण्याची सवयही इथलीच. शेवटच्या दहा मिनिटांत उलट तपासणी करताना तिचा फार उपयोग होतो. आठव्या चाचणीपर्यंत निष्काळजीपणाच्या चुका नवावरून तीनवर आल्या.

तक्रारी दोन आहेत. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तरीही हा क्लास अर्धा गुण कापतो. त्यामुळे मुलीला प्रश्न कोरे सोडण्याची नसती सवय लागली. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. प्रत्यक्ष परीक्षेत भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची 90 मिनिटे संपल्यावरच गणिताचा भाग उघडतो, म्हणजे डोके शिणलेले असताना. क्लास मात्र गणिताची चाचणी रविवारी सकाळी, ताज्या मनाने घेतो. शेवटच्या दोन चाचण्या आम्ही घरी, आधी ते दोन विषय सोडवून घेऊन दिल्या, तर पहिल्याच वेळी चुका पुन्हा सातवर गेल्या.

हे क्लासच्या कानावर घातले, पण वेळापत्रक बदलता येणार नाही असे उत्तर मिळाले. धाकट्यासाठीही मी हीच मालिका घेईन, मात्र चाचण्या घरी सोडवून घेऊन त्याला फक्त नंतरच्या तासाला पाठवेन.