धंतोलीतील एक बालविकास केंद्र : खर्रा, तान्हे बाळ आणि ताणाची तपासणी

गर्भारपणात आईच्या पोटात गेलेल्या तंबाखूचा, मद्याचा किंवा औषधांचा बाळाच्या ताण सोसण्याच्या क्षमतेवर काय परिणाम झाला आहे, हे पाहणाऱ्या नागपुरातील एका खासगी केंद्रात मी भंडाऱ्याच्या भाचीला आणि तिच्या चार महिन्यांच्या मुलाला घेऊन गेले होते.

केंद्राची सर्वांत जमेची बाजू म्हणजे तेथील विचारपूस. ‘काही व्यसन आहे का?’ असे विचारले की आपल्याकडची बाई ‘नाही’च म्हणणार, तेथील डॉक्टरांनी मात्र सासूबाईंना बाहेर बसवून ‘खर्रा, गुडाखू, मिश्री यांपैकी काय आणि दिवसातून किती वेळा?’ असे सरळ विचारले, आणि भाचीने प्रथमच खरे सांगितले. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्यात तंबाखूच असते, आणि तिच्यातील निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते, हे त्यांनी न रागावता समजावले. तंबाखू सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांकही लिहून दिला.

मी मात्र लाळेतील कॉर्टिसॉल तपासण्याचा आग्रह धरला होता. मेंदूतील हायपोथॅलॅमस, पियुषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून ताणाच्या वेळी हे संप्रेरक स्रवते. पैसे मिळत असूनही डॉक्टरांनी ती तपासणी नाकारली, याचे मला विशेष वाटले. लाळेतील प्रमाण ताणानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर येते आणि तान्ह्या बाळात दिवस-रात्रीची लय अजून बसायची असते, त्यामुळे एकट्या आकड्यावरून एका बाळाविषयी काही ठरवता येत नाही. शिवाय गर्भात तंबाखूसारख्या पदार्थांशी संपर्क आलेल्या बाळांच्या अभ्यासांत काहींचा प्रतिसाद जास्त तीव्र, तर काहींचा उलट मंद आढळतो. म्हणजे ‘आमचा बाळ रडतच नाही’ हे कौतुकाचेच असेल असे नाही. अफूजन्य औषधांची गोष्ट निराळी आहे : तेथे जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांतच थरथर, कर्कश रडणे अशी लक्षणे दिसू शकतात. आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत कोकेनच्या संपर्कात आलेल्या बाळांविषयी जी भाकिते झाली, ती पुढच्या अभ्यासांत बरीच अतिरंजित ठरली. घरातील परिस्थितीचा वाटाही मोठा निघाला. माझ्यासारख्या आजीला धीर देणारी माहिती हीच होती.

आकड्याऐवजी त्यांनी बाळच पाहिले : ते किती दचकते, आवाजाने शांत होते की कुशीत घ्यावे लागते, सावरायला किती वेळ लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीने आईला थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगून, ती पुन्हा हसल्यावर बाळ कसे परतते, हेही तपासले.

खटकले ते वेळेचे गणित. ठरलेल्या वेळेच्या बरेच उशिरा आत बोलावले, तोवर बाळ भुकेले आणि पेंगुळलेले होते; अशा बाळाच्या चिडचिडीचा अर्थ तंबाखूशी जोडणे धोक्याचे आहे, आणि हे त्या केंद्राला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे. डॉक्टरांनी दूध पाजायला वेळ दिला, तरी झोप पुरी व्हायची राहिलीच. अहवालही संपूर्ण इंग्रजीत आहे. तो भाचीला गावच्या आशाताईंना दाखवायचा आहे, त्यासाठी मराठीत एक पान तरी जोडून द्यायला हवे होते.