‘कंपनी पॅक’ शॉकअप आणि गायब झालेली मूळ जोडी

नाशिकमध्ये जुन्या जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांची संख्या कमी नाही, आणि त्यातले बरेच जण आता गाडी स्वतःच्या हाताने उभी करायला लागलेत. इंजिन मिस्त्रीकडे, बाकी सगळं घरच्या पार्किंगमध्ये, असा हिशोब. मागचे शॉकअप (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या) आणि चिमटा (मागचं चाक धरणारा फाटा) हे तर घरीच करण्यासारखं काम. पण त्यातला एखादा तुकडा बाहेर द्यावाच लागतो आणि नेमकं तिथेच माणूस कापला जातो. माझे पैसे गेलेच, शिवाय गाडीची मूळ जोडी गेली. ज्याने हे केलं त्याचं नाव इथे देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण तसं करणारा तो एकटा नाही.

गाडी वडिलांची, १९८२ ची येझदी रोडकिंग. मागून डुलायची. मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं की चिमट्यात चांगला प्ले (ढिलेपणा) लागायचा, आणि दोन्ही शॉकअपच्या दांड्यांभोवती तेलाचा चिखल. चिमट्याचं काम सरळ झालं. पिन गंजून बसली होती, ती गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवली आणि पितळी रॉडने ठोकून काढली. बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळ्या, सातपूरला लेथवर करून आणले, पिनच्या मापाला. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, मायक्रोमीटर हातातच असतो, त्यामुळे तिथे कोणी मला गंडवणं कठीण होतं.

शॉकअपचं तसं नव्हतं. जुन्या येझदीचा शॉकअप खोलता येतो, हे त्याचं मोठेपण. स्प्रिंग दाबून धरायची, दांड्याचा वरचा कान (गाडीला अडकवायची कडी) सोडवायचा, स्प्रिंग बाजूला काढली की खाली तेलाची नळी आणि तिच्या तोंडाचा नट राहतो. (स्प्रिंग दोरीने बांधून दाबू नका. कॉम्प्रेसर नसेल तर दुसरा माणूस घ्या आणि तोंड तिच्या रेषेत ठेवू नका.) आत दांडा, त्याच्या टोकाला पिस्टन आणि झडप, वर ऑइल सील. सील बदलणं सोपं. पण एका दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले होते, आणि अशा दांड्यावर नवं सील चार दिवस टिकत नाही. दांडा घासून, हार्डक्रोम करून (क्रोमचा जाड, कडक थर चढवून), पुन्हा मापात ग्राइंड करावा लागतो. प्लेटिंगवाले लॉटने काम घेतात. एका दांड्यासाठी कोणी टाकी लावत नाही. म्हणून जुन्या गाड्या ‘रिस्टोअर’ करून देणाऱ्या एकाकडे गेलो. दुकानाबाहेर दोन-तीन चकाचक जावा उभ्या, भिंतीवर फोटो, बोलणं मधासारखं.

दोन्ही शॉकअप पुन्हा जोडून त्याच्याकडे दिले. हार्डक्रोम, सील, तेल असं सगळं धरून दोन हजार आठशे ठरले. पावती मागितली तर म्हणाला, “सर, आपल्यात पावती कसली, व्हॉट्सॲपवर टाकतो ना.” टाकलं. तो मेसेज आज माझ्या कामाचा आहे.

काही दिवसांनी त्याचा फोन. गेलो तर ट्रेमध्ये एक दांडा ठेवलेला, वाकलेला आणि अर्धा गंजाने खाल्लेला. “सर, तुमची जोडी खल्लास आहे. हा बघा. याच्यावर क्रोम बसणारच नाही.” आणि लगेच आवाज खाली आणून, “पण तुमचं नशीब बघा. एक कंपनी पॅक जोडी पडून आहे. म्हैसूरचा माल. पुण्याच्या पार्टीने सांगून ठेवलीय, पण तुम्ही आपले.” कंपनी पॅक म्हणजे कारखान्यातून आलेली, न वापरता खोक्यात तशीच राहिलेली. किंमत साडेसात हजार. जुन्या जोडीचं काय, विचारलं तर, “ती भंगारात. किलोने जाईल, चहापाणी सुटेल पोरांचं.”

मग त्याने तो प्रयोग केला, जो अशी सगळी माणसं करतात. शॉकअप फरशीवर उभा धरला, वर लाकडी ठोकळा ठेवला आणि म्हणाला, “दाबा सर. पूर्ण वजन टाका.” दाबला. दगडासारखा कडक. “आहे का नाही ओरिजिनल?”

हे नीट समजून घ्या, कारण सगळा धंदा या एका दाबण्यावर चालतो. शॉकअप वरून दाबला की हाताला लागते ती स्प्रिंग. स्प्रिंग जाड तारेची टाकली की कोणताही शॉकअप कडक लागतो. शॉकअपचं खरं काम दाबलं जाण्यात नसून परत वर येण्यात आहे. खड्ड्यातून चाक वर आलं की स्प्रिंगमध्ये साठलेला जोर गाडीला वर फेकायला बघतो. त्याला आवरतं ते आतलं तेल. पिस्टनवरची झडप अशी असते की दांडा आत जाताना तेलाला वाट मोठी मिळते आणि बाहेर येताना लहान. म्हणून चांगल्या शॉकअपची स्प्रिंग काढून नुसता दांडा हाताने चालवला, तर आत ढकलताना हलका आणि ओढताना जड लागतो, आणि ओढताना जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागतो. मध्येच मोकळा सुटला तर तेल कमी आहे किंवा झडप गेली आहे. दुकानात स्प्रिंग काढून दाखवा म्हटलं की या लोकांना अचानक गिऱ्हाइकांची गर्दी आठवते.

जोडी लावली. गल्लीत, गंगापूर रोडला, छान. स्पीडब्रेकरवर तर वडील म्हणाले, नव्यासारखी झाली. मग एका रविवारी त्र्यंबकला निघालो. महिरावणीच्या पुढे रस्ता खराब लागला, एकामागून एक खड्डे, आणि मागचं चाक रस्त्यावर बसेना. पहिला धक्का ठीक, दुसरा कडक, तिसऱ्याला सरळ पाठीच्या मणक्यात. अंजनेरीच्या अलीकडे चहाला थांबलो तर डाव्या शॉकअपमधून तेल ओघळून रिमवर आलेलं. मागचा टायर तेलकट झाला असता तर वळणावर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

घरी येऊन दोन्ही खोलले. खोलताना प्रत्येक पायरीचा व्हिडिओ काढला आणि शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवला, हे फार उपयोगी पडलं. नळीचा नट सुटताच जो वास आला तो शॉकअपच्या तेलाचा नव्हता. गंधकाचा उग्र वास, काळपट, मधासारखं जाड. शेजारच्या इमारतीत एक म्हातारे मिस्त्री राहतात, भद्रकालीत चाळीसेक वर्षं जावा-येझदीच केल्या त्यांनी. बोट बुडवून नाकाला लावलं आणि म्हणाले, “अरे, हे तर ट्रकच्या हाउसिंगचं तेल. नव्वद नंबर.” गिअर ऑइल. या शॉकअपला लागतं साधारण वीस नंबरचं. जाड तेल लहान भोकातून पटकन फिरत नाही, म्हणून एका खड्ड्यातून दांडा पूर्ण बाहेर यायच्या आत दुसरा खड्डा लागतो, आणि शॉकअप हळूहळू खाली बसत जातो. मागच्या चाकाचं तेच झालं होतं.

त्याहून वाईट म्हणजे नळी काठोकाठ भरली होती. दांडा आत जातो तेव्हा त्याच्या जाडीएवढी जागा तेलाला कुठेतरी सोडावी लागते, म्हणून वर थोडी हवा ठेवायचीच असते. हवा नाही, म्हणजे मोठ्या धक्क्याला तेल दाबलं जात नाही, शॉकअप लॉक होतो, आणि तेल सर्वात कमजोर जागेतून, म्हणजे सीलमधून, फाडून बाहेर येतं. आमचं सील फाटलेलंच निघालं. पिस्टन म्हणजे भोक पाडलेली साधी चकती, झडप नाहीच. दांडा आरशासारखा चमकत होता, पण नखाने ओरखडलं तर कडेला पापुद्रा सुटला. सायकलच्या हँडलला करतात तसं दिखाऊ क्रोम ते. त्यात वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, चमक सगळी खालच्या निकेलची. हार्डक्रोमचा थर त्याच्या कित्येक पट जाड असतो आणि ग्राइंड करून मापात आणलेला असतो. तो नखाने निघत नाही.

मिस्त्रीकाका हसले. “गिऱ्हाईक दाबून बघतं. उठतं कसं ते कोणी बघतं का?”

मग खोक्याकडे वळलो. पिवळट खोकं, वर कंपनीचं जुनं चिन्ह असलेला स्टिकर. त्याची एक कड सुटलेली होती. हेअर ड्रायरने गरम करून हळूच उचलला तर खाली दुसरंच लेबल, आणि त्यावर पंधरा अंकी जीएसटी नंबर. जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. नवीन बनवलेले, स्वस्तातले शॉकअप होते ते, जुन्या खोक्याचं सोंग घेतलेले. नवीन बनवलेला माल वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. बरेच जण तो नवीन म्हणूनच विकतात, योग्य भावाने, आणि चांगला चालतो. आणि समजा खरोखर जुना कंपनी पॅक मिळाला, तरी त्यातलं रबर आता तीसेक वर्षांचं तरी आहे. सील कडक होऊन गेलेलंच असणार, ते बदलल्याशिवाय लावायचा नसतो. म्हणून ‘कंपनी पॅक, डायरेक्ट लावा’ असं कोणी म्हटलं की समजून जायचं. खऱ्या जुन्या मालाच्या बुशचं रबर तडकलेलं दिसतं. आमचं बोटाने दाबलं तर ताज्या चपलेसारखं मऊ.

जे खरं लागलं ते यानंतर. आमच्या मूळ जोडीच्या खालच्या कानात रबरी बुश नव्हते. ते मिळेनात म्हणून वडिलांनी कधीकाळी लेथवर पितळी करून घेतले होते. शिवाय काढताना मी सवयीने सेंटर पंच मारला होता, उजव्याच्या कानावर दोन ठिपके, डाव्यावर एक. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचे फोटो चाळताना एक जोडी दिसली. ‘ओरिजिनल रोडकिंग, एकही वेल्डिंग नाही, फक्त शौकिनांनी फोन करावा’, अकरा हजार. फोटो मोठा करून बघितला. पितळी बुश, एका कानावर दोन ठिपके. जी जोडी खल्लास म्हणून भंगारात गेली होती, ती अकरा हजाराला उभी होती. ट्रेमधला वाकलेला दांडा आमचा नव्हताच. तो बहुधा त्या ट्रेमध्ये कायमच ठेवलेला असतो. आलेल्या प्रत्येकाला तोच दाखवायचा.

म्हणजे या व्यवहारात नकली माल विकणं हा जोडधंदा आहे. खरी कमाई तुमच्या मूळ मालात. साडेसात हजार देऊन आपणच त्याला अकरा हजारांचा माल देऊन येतो. म्हणून काहीही बाहेर देताना अख्खं युनिट देऊ नका. घरीच खोला, ज्या तुकड्याचं काम आहे तो तुकडाच द्या, त्याच्या न दिसणाऱ्या जागी खूण करा, खुणेसकट फोटो त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. आपल्याकडे खूण आहे हे कळलं की माणूस सरळ वागतो. ‘खराब निघालं’ म्हणाला तर खराब निघालेलं परत मागा. भंगार असेल तर आपलं भंगार.

दुकानात गेलो. आधी गोड बोलला, मग म्हणाला, “सर, तुम्ही स्वतः खोललंत. आता वॉरंटी कसली?” व्हिडिओ आणि त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट दाखवला तर ‘पोरांनी केलं असेल’. संध्याकाळी जाहिरात गायब. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात चार हजार जमा झाले, सोबत शेरा ‘हातउसने परत’. हा शेरा साधा नाही. उद्या प्रकरण वाढलं तर हा उसन्या पैशांचा व्यवहार होता असं दाखवायला तो लागतो. मी लगेच लेखी मेसेज टाकला की ही रक्कम अमुक तारखेच्या शॉकअपच्या व्यवहारातला अंशतः परतावा म्हणून घेतली आहे, कसलंही उसनं दिलेलं नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथून त्याला कळवलं गेलं, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. छापील पावती नसली तरी यूपीआयची नोंद आणि चॅट जोडता येतात. जीएसटी नंबरवालं लेबल मी खोक्यासकट पिशवीत सील करून ठेवलंय.

गाडीला सध्या सिन्नरच्या एका ओळखीच्याकडून घेतलेली जुनी, गळकी जोडी आहे. दांडे चांगले होते. सील बदलली, वीस नंबरचं तेल वर हवेची जागा सोडून भरलं, स्प्रिंग लावण्याआधी दांडा हाताने चालवून बघितला. सीट दाबून सोडली की एकदा वर येते आणि थांबते.

नाशिक, मालेगाव, धुळे भागात कोणी अलीकडे रोडकिंगची जोडी घेतली असेल तर खालच्या कानातला बुश बघा. पितळी असेल आणि एका कानावर दोन, दुसऱ्यावर एक ठिपका असेल, तर ती आमची. चालत्या गाडीवरून काढून मागणार नाही. पैसे कोणाला पाठवले त्याचा स्क्रीनशॉट तेवढा द्या, अर्जाला जोडायचा आहे.