फॅनी हेन्झेलची सहा गाणी, ओपस १: घरी गाणाऱ्यांनी जरूर घ्यावीत

जर्मन संगीतकार फॅनी हेन्झेलची आवाज आणि पियानोसाठी सहा जर्मन गाणी (ओपस १ म्हणजे प्रकाशित कृती क्रमांक एक), बर्लिनच्या बोटे अँड बॉकने १८४६ साली छापलेली. स्वरलिपी आता आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. वहिनी गाते, मी पियानोवर बसते. सध्या आमच्या घरी रविवारी हीच पानं उघडी असतात.

सर्वांत सुंदर गाणं तिसरं. शब्द जर्मन कवी हाइनचे: गुलाब इतके फिकट का, गवतातली निळी फुलं मुकी का, चंडोलाचा सूर रडवेला का? प्रश्नामागून प्रश्न येतात, आणि शेवटी खरा प्रश्न: तू मला सोडून का गेलीस? गाणं दोनेक मिनिटांत संपतं. भावगीतं गाणाऱ्यांना त्या शेवटच्या ओळीवर हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, घ्यायचा मोह होईल. तो आवरावा. सूर सरळ लावला तरच त्यातली कळ लागते. मोठा, सभागृहात फेकायचा आवाजही नको. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं गावं.

पियानो वाजवणाऱ्यांना सांगते, दुसरं आणि पाचवं गाणं धावतं आहे. हात तयार नसेल तर पहिल्यापासून सुरुवात करा. शब्द फक्त जर्मनमध्ये आहेत. आम्ही उच्चार ऐकून पेन्सिलीने देवनागरीत लिहून घेतले.

फॅनी ही प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स मेंडेलसोनची थोरली बहीण. १८२० मध्ये वडिलांनी तिला पत्रातून बजावलं होतं, की संगीत फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच. तिची काही गाणी भावाच्या नावाने छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलंच एक त्याच्यासमोर गायलं, तेव्हा ते बहिणीचं आहे हे त्याने कबूल केलं. स्वतःच्या नावाने हा संग्रह निघाला तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. पुढच्याच मे महिन्यात, घरच्या रविवारच्या मैफलीची तालीम चालू असताना तिला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याच दिवशी ती गेली. मला याचा फार राग येतो. पाचव्या गाण्यातली पियानोची झळाळी ऐकली की तो आणखी वाढतो. या बाईच्या हाती अजून दहा वर्षं हवी होती.

घेणार असाल तर तिसऱ्यापाठोपाठ सहावं, नावेचं गाणं बसवा. आवाजावर ताण येत नाही आणि साथ लवकर हातात बसते.