जेन ऑस्टेन यांच्या भावाचे ग्रंथालय, आता पडद्यावर

इंग्लंडमधील केंट परगण्यातील गॉडमर्शम पार्क हे इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेन यांचे बंधू एडवर्ड यांचे घर. तेथील ग्रंथसंग्रह पुढे विखुरला गेला, तरी 1818 च्या हस्तलिखित सूचीच्या आधारे ‘रीडिंग विथ ऑस्टेन’ या संकेतस्थळाने त्याची कपाटे पडद्यावर पुन्हा उभी केली आहेत. पुस्तकाच्या कण्यावर टिचकी मारली की त्याची माहिती उघडते, आणि ही सेवा विनामूल्य आहे.

1813 च्या एका पत्रात ऑस्टेन यांनी या ग्रंथालयातील 5 टेबले, 28 खुर्च्या आणि 2 शेकोट्या आपल्या एकटीच्या ताब्यात असल्याचे मिश्किलपणे लिहिले आहे. ही कपाटे न्याहाळताना, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या त्यांच्या कादंबरीत नायक डार्सीच्या हातातील पुस्तकाचा दुसरा खंड केवळ त्याच्यावर छाप पाडण्यासाठी उचलणारी आणि लगेच जांभई देणारी मिस बिंगली आठवल्याशिवाय राहत नाही, कोण खरे वाचतो आणि कोण वाचनाचा आव आणतो, हे ऑस्टेन यांनी जवळून पाहिले असावे.

मात्र हा संग्रह भावाचा, म्हणजे श्रीमंत जमीनदाराचा आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या भयकथांची ऑस्टेन यांनी ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत यथेच्छ खिल्ली उडवली आहे, त्यांची गोडी समजून घ्यायची तर वर्गणी भरून कादंबऱ्या घरी नेता येणाऱ्या तत्कालीन वाचनालयांकडेच वळावे लागेल. अभ्यासकांनी हे संकेतस्थळ अवश्य पाहावे. हौशी वाचकांनी आधी कादंबऱ्या वाचाव्यात.