ग्रो बॅगा : गोव्याचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात मागवलेल्या ग्रो बॅगांवर, म्हणजे भाजी लावायच्या कापडी पिशव्यांवर, आता लिहायला हरकत नाही. एक अख्खा पावसाळा आणि बहुतेक हिवाळा त्यांनी काढलाय. घेताना मी ऑनलाइन रिव्ह्यू भरपूर वाचले होते, पण ते सगळे पार्सल फोडल्या दिवशीचे. "कापड जाड, शिलाई मजबूत, पाच स्टार." शिलाई मजबूत आहे की नाही ते पार्सल फोडताना कसं कळणार? शिवाय लिहिणारे पुण्याचे नाहीतर बंगळुरूचे. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पिशवीची परीक्षा इथं त्या पाण्यातच होते.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. अंगण असताना पिशव्या कशाला, असं शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं. अंगण आहे, पण वीतभर मातीखाली जांभा. पहार मारली की चिरा लागतो. गच्चीवर पावसासाठी पत्रे, म्हणजे तिथं ऊन नाही. उरली दक्षिणेकडची लाद्या घातलेली पट्टी.

पिशव्या हिरव्या एचडीपीई (प्लास्टिकच्या विणलेल्या) कापडाच्या, 260 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 260 ग्रॅम. काही 12 बाय 12 इंची गोल, काही 24 बाय 12 बाय 9 च्या लांबट. गोल पिशवीत हिशेबानं 22 लिटर मावतं, पण काठापर्यंत कुणी भरत नाही, म्हणून 18 धरा. कापडाबद्दल तक्रार नाही. उन्हानं रंग थोडा उतरलाय आणि बाहेरून शेवाळ धरलंय, पण फाटलं कुठेच नाही. गेले ते बंद. भिजलेली पिशवी बंदाला धरून उचलली की शिलाईचा दोरा एकेक टाका सोडत जातो. विकणाऱ्यांना कळवलं, त्यांनी फोटो मागितले, मी पाठवले, पुढे काही नाही. तेव्हा हे बंद शोभेचे समजा आणि पिशवी हलवायची तर खालून दोघांनी धरा.

दुसरी गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत नव्हती. पाणी जायची भोकं अगदी तळाला आहेत. सपाट लादीवर पिशवी ठेवली की वजनानं तळ लादीला चिकटतो आणि भोकं बंद. उन्हाळ्यात ते चालून जाईल, जुलैत मुळं कुजतील. आम्ही प्रत्येक पिशवीखाली चिऱ्याचे तीन तुकडे ठेवले, मधून वारा जाईल असे. पावसाळ्यात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. तळाला नारळाची सोडणं घाला असंही सगळे सांगतात. पण माडाच्या आळ्यात आपण सोडणं पुरतो ती ओल धरून ठेवायला. तीच सोडणं पिशवीत पाणी काढून देतील, ही अपेक्षा कशी करायची? मी घातली नाहीत. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुस्तकातल्या मापाच्या निम्मं घेतलं आणि बाकी भरड रेती. आपली लाल माती आंबट, म्हणून भरताना थोडा चुना.

इतकं करूनही जुलैत पानं पिवळी पडतात. पाऊस खत धुऊन नेतो, त्याला इलाज नाही. एकदम भरपूर घालण्यापेक्षा उघडीप मिळेल तेव्हा मूठभर गांडूळखत घालणं बरं.

आता काय पिकलं ते. सगळ्यांत वर हळद. मेच्या शेवटी लांबट पिशव्यांत गड्डे लावले होते, श्रावणात पानं हातभर झाली. नागपंचमीच्या पातोळ्या (हळदीच्या पानात पीठ आणि सारण घालून वाफवलेल्या) या वेळी घरच्या पानांवर झाल्या. बाजारातली पानं बांधून आलेली असतात, दुमडताना मधल्या शिरेवर चिरतात आणि चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) बाहेर येतो. झाडावरून आणलेलं पान पिठासकट दुमडलं तरी चिरत नाही. सासूबाई पीठ वाटून तयार ठेवायच्या आणि मगच मला पानं आणायला पाठवायच्या, आधी नाही. वाफ आली की वास थेट रस्त्यापर्यंत. त्याच काकी पातोळ्या खाऊन गेल्या आणि जाताना पानं मागून नेली. अर्ध्या दिवसाच्या उन्हात हळद वाढते, माकडांनीही तिला हात लावला नाही.

सात शिरांचे भेंडे पावसाळ्यातलंच पीक. जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाल्यापासून त्यांचं नाव गोव्याबाहेरही घेतलं जातं. लांब, फिकट हिरवे, आणि वीतभर झाले तरी कोवळे. बाजारच्या पाच शिरांच्या भेंडीला दोन दिवस उशीर झाला की ती दोरखंड होते. मात्र हे झाड उंच जातं. 12 इंची पिशवीत वाऱ्यानं आडवं होतं, पिशवीसकट. काठ्या बांधून सांभाळली. भेंडे धरतात तेव्हा आंबाडेही (आंबट फळं) आलेले असतात. भेंड्यांचे बोटभर तुकडे, ठेचलेले आंबाडे, ओल्या खोबऱ्याचं वाटण. आंबटामुळे बुळबुळीतपणा जातो. आंबाडे नसले तर सोलं (आमसुलं).

मिरचीनं निराश केलं. काणकोणची खोला मिरची डोंगरउतारावर नुसत्या पावसाच्या पाण्यावर होते, म्हणून आपल्याकडेही होईल असं वाटलं होतं. पण उतारावर पाणी थांबत नाही. पिशवीतून कितीही निचरा केला तरी तसा उतार होत नाही. रोपं जगली, मिरच्या लागल्या ते ऑक्टोबरनंतर, आणि त्याही मोजक्याच.

तांबडी भाजी (लाल माठ) पावसात पेरूच नका. सरी कोवळी रोपं झोपवतात आणि उरलेली गोगलगायी नेतात. या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी पिशवीच्या उभ्या कापडावर आरामात चढतात. राख पावसात टिकत नाही. रात्री टॉर्च घेऊन वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं, एवढंच. नोव्हेंबरात मात्र हीच भाजी सगळ्यांत सोपी. बी मोहरीहून बारीक, रेतीत मिसळून भुरभुरवायचं. महिन्याभरात कापणी. मुळासकट न उपटता चार बोटं देठ ठेवून कापली तर पुन्हा फुटते.

बाजारच्या जुडीला तीन-चार पाण्यांतून काढावं लागतं, हिला एक पुरतं. कांदा, हिरवी मिरची, चिरलेली भाजी. पाणी अजिबात नाही, तिचंच सुटतं. मीठ शेवटी घालायचं, कारण टोपभर भाजी वाटीभर होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. उतरवताना ओलं खोबरं. पेजेबरोबर एवढं पुरे.

आता पैशांचं. भाजी स्वस्त पडेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बेळगावची भाजी सवलतीत मिळते. पिशवी, खत आणि पाणी धरलं तर आपला टोमॅटो तिच्यापुढे टिकत नाही. कांदा, कोबी, टोमॅटो तिथूनच आणावं. ज्या वस्तू काढल्या-काढल्या चुलीवर जायला हव्यात, किंवा पाच-सहाच हव्या असतात आणि बाजारात जुडीनंच मिळतात, त्यांच्यासाठी या पिशव्या वसूल होतात.

यंदा मेमध्ये लांबट पिशव्या आणखी घेणार, हळदीसाठी आणि तांबड्या भाजीसाठी. भेंड्यांना 18 बाय 18 च्या. 12 इंची गोल पिशव्या नव्यानं घेणार नाही, आहेत त्यांत मुळा लावीन. गड्डे परवाच काढले. मोठे ओल्या हळदीच्या लोणच्याला गेले, बाकीचे बियाण्यासाठी टोपलीत सावलीला आहेत. घेणाऱ्यांनी ऑर्डर करण्यापूर्वी विकणाऱ्याला एकच विचारावं : भोकं तळाला आहेत की बाजूला. बाजूला असतील तर चार पैसे जास्त द्या.